कुकीला वाशीचे वळण

माझे माहेर वाशीचे, असे सांगितले की पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी लगेच म्हणतात, "हो का? म्हणजे खाडीपुलापलीकडे!" मग मला खुलासा करावा लागतो, की बाई, ती वाशी निराळी. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगराकडची. तिथे लोकल जात नाही, एस. टी. जाते. दिवाळीच्या फटाक्यांसाठी मराठवाड्यात प्रसिद्ध असलेले तेरखेडा आमच्याच तालुक्यातले, आणि पेढ्यांसाठी नावाजलेली कुंथलगिरी शेजारच्या भूम तालुक्यातली. इतके ऐकल्यावर मैत्रीण जरा वरमते. आवाज आणि गोडी, दोन्हींत आमचा भाग मागे नाही, हे तिला पटते.

पण आज सांगायचे आहे ते फटाक्यांविषयी नाही की पेढ्यांविषयी नाही. सांगायचे आहे ते कुकीविषयी.

आमच्या सूनबाईंना नव्या पदार्थांची हौस आहे. यंदा नवरात्र उठता उठताच त्यांनी जाहीर केले, की फराळाच्या ताटात या खेपेस ओटच्या कुकी असणार. कुकी म्हणजे आपल्या नानकटाईची चुलत बहीण समजा. फक्त अंगाने जरा खडबडीत. ही काही आजची फॅशन नव्हे. फॅनी फार्मर या बाईंच्या १८९६ साली निघालेल्या बोस्टनच्या पाकपुस्तकातही ओटच्या कुकीची कृती आहे. सूनबाईंनी रंगीत तालीम म्हणून पहिला घाणा भाजला आणि सगळ्यांच्या हातावर एकेक कुकी ठेवली.

माझी आई तेव्हा वाशीहून आमच्याकडे आलेली होती. वय ब्याऐंशी. येताना तिने नेहमीप्रमाणे ज्वारीचे गाठोडे आणले होते. आमच्या घरी आता भाकरी होते ती तिच्यापुरती. नातवंडांना पोळी लागते, पणतवंडाला तर पोळीही नको असते. ती मला रोज म्हणते, "माझ्या एकटीसाठी परात कशाला काढायलीस गं?" आणि मी रोज म्हणते, "असू दे गं आई." दोघींनाही ठाऊक असते, की गोष्ट परातीची नाही.

आईने कुकी दाताखाली धरली, जरा वेळ घोळवली आणि विचारले, "कशाची म्हणायची ही?"

"ओटची, आजी," सूनबाई म्हणाल्या.

आमच्या घरी 'हे' म्हणजे चालताबोलता कोश. पेपरातून डोके वर काढून म्हणाले, "जॉन्सन नावाच्या पंडिताने १७५५ साली इंग्रजी शब्दकोश केला. त्यात ओटचा अर्थ देताना त्याने म्हटले आहे, की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसे खातात. आपल्याकडेही ओट पिकतो तो मुख्यतः वैरणीसाठीच."

आई खुदकन हसली. "म्हणजे स्कॉटलंड आमच्या वाशीसारखंच की! कणीस माणसाला, कडबा बैलाला."

सगळे हसले. पण हसून झाल्यावर ती कुकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बहात्तर साली आम्हांला मिलो खावा लागला. तोही दूरदेशाचाच होता. पण कुणी कौतुकानं खाल्ला नाही बाई."

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसांना विसरता येत नाही. शेतात कणीस नव्हते. बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिलाच आम्ही मिलो म्हणत असू. तिची भाकरी थापताना आई तोंडाने काही बोलत नसे. पण आमच्या ताटात वाढताना तिची नजर खाली असे. मी आठ वर्षांची होते. मला वाटे, आई रागावली आहे. ती रागावलेली नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. मिलो ही ज्वारीचीच जात. पण आपल्या रानातली ज्वारी लेकरांना घालता येत नाही, याची ती लाज होती.

अन् याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाचा फोन आला होता. रब्बीला यंदा सगळ्या रानात हरभरा टाकावा म्हणतो. ज्वारी काढायला माणसे मिळत नाहीत, बैल विकल्यामुळे कडब्याचे काम उरले नाही, आणि घरात तरी भाकरी खाते कोण? त्याचे काही चुकत नव्हते. आई हे ऐकून "बरं" एवढेच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी मी सूनबाईंना म्हटले, "ओटच्या जागी ज्वारी घालून बघू या का?" त्यांनी तत्काळ पदर खोचला, म्हणजे ओढणी खोचली! बाजारात आता ज्वारीचे पोहे मिळतात. ते ओटच्या चपट्या दाण्यांसारखेच दिसतात. पोहे आणले, आईच्या गाठोड्यातली ज्वारी दळून आणली, गूळ, तूप घालून गोळे केले आणि भट्टीत सरकवले.

भगिनींनो, काय सांगू! बाहेर आला तो निव्वळ भुगा. बोट लावले की कुकीची रांगोळी. जरा वाळूसारखी कचकचही होती. सूनबाईंचा चेहरा उतरला.

आई दाराशी उभी राहून सगळे बघत होती. म्हणाली, "ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा कुठून येणार? पिठाची विरी गेली की भाकरीला आपण काय करतो? आधणाचं पाणी घालतो. मग हिला का नको?"

तेवढ्या एका वाक्यात सारे आले. गव्हात ग्लूटेन असते, ते पिठाला धरून ठेवते. ज्वारीत ते नसते. पण कढत पाण्यात ज्वारीच्या पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच बांधणीचे काम करतो. पाकशास्त्राची पदवी नसलेल्या माझ्या आईला हे साठ-पासष्ट वर्षे ठाऊक होते. आम्ही तिला विचारले नव्हते, इतकेच.

आता कृती लिहून घ्या. वाटी नेहमीच्या आमटीची, सगळ्याला एकच.

ज्वारीचे ताजे, बारीक दळलेले पीठ दीड वाटी, ज्वारीचे पोहे एक वाटी, बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी, थिजलेले साजूक तूप अर्धी वाटी, दूध अर्धी वाटी, शेंगदाण्याचा भरड कूट पाव वाटी, भाजलेले तीळ दोन चमचे, सुंठपूड अर्धा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, जायफळ आणि चवीपुरते मीठ.

पोहे कोरडेच मंद आचेवर कुरकुरीत भाजून हाताने जरा चुरडावेत. दुधाला उकळी आली की त्यात अर्धी वाटी पीठ घालून ढवळावे आणि झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ द्यावी. ही झाली उकड. ती निवल्यावर चांगली मळावी. तूप आणि गूळ एकत्र फेसून त्यात उकड मिसळावी. मग उरलेले पीठ आणि बाकीचे जिन्नस घालून गोळा करावा. तो फार कोरडा वाटला तर चमचाभर दूध घालावे. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. घाई केलीत तर पीठ पुरते भिजत नाही आणि कचकच राहते. मग पेढ्याएवढे गोळे करून तळहाताने चपटे करावेत. ओव्हन असेल तर १७० अंशांवर अठरा ते वीस मिनिटे. नसेल तर जाड कढईत मिठाचा थर घालून ती तापवावी, आत तिवई ठेवून वर ताटली ठेवावी आणि झाकून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे भाजावे. कडा बदामी झाल्या की काढावे. गरम असताना त्या मऊ लागतात. घाबरू नये, निवल्यावर आवळतात. नानकटाईचे पत्रे तुम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत नेत असाल, तर हाही पत्रा त्यांच्याबरोबर खुशाल द्यावा.

आईने त्यात स्वतःचे एक वळण घातले. उकडीत दोन चमचे खवा. त्याने कुकीला पेढ्याचा वास येतो. मात्र खवा घातलेल्या कुकी चार दिवसांत संपवाव्यात. बिनखव्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस राहतात.

आणि एक प्रामाणिक सूचना. ज्वारीची आहे म्हणून ही औषध नव्हे. गूळही गोडच असतो. मधुमेहाच्या मंडळींनी एकीवर थांबावे, आणि ती एकही डॉक्टरांना विचारूनच.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्वारीचे फार कौतुक झाले. कौतुक चांगलेच. पण वर्ष संपते, पाट्या उतरतात. धान्य रानात टिकते ते घरातले लेकरू त्याचा डबा उघडते म्हणून. स्कॉटलंडच्या गरिबाचे धान्य आज जगभर कुकीत मिरवते. आमच्या धान्याला कुणी अडवले आहे?

दुसरा घाणा निवायच्या आत पणतू डब्याशी आला. एक खाल्ली, दुसरी खिशात घातली आणि विचारले, "पणजी, अजून आहेत?" आई म्हणाली, "आहेत की रे राजा." तिची नजर वर होती.

त्या रात्री तिने स्वतः भावाला फोन लावायला सांगितला. "वापसा आहे का रं अजून? मग विहिरीकडचं एक एकर मालदांडीला ठेव. हरभरा बाकीच्यात टाक. खाणारं लेकरू मिळालंय."

पलीकडून भाऊ काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. पण परवा त्याने पेरणीचा फोटो पाठवला आहे. एकर नाही, अर्धा एकर. आई म्हणाली, "असू दे. डब्यापुरती झाली."

तुम्हां सर्वांची दिवाळी गोड जावो!