फासळ्या दिसणारा कुत्रा

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मुधोळ नावाचे गाव आहे. 2016 साली जिल्ह्याचे तुकडे झाले तेव्हा ते निर्मल जिल्ह्यात गेले. बासरच्या सरस्वतीला जाऊन आलेल्यांनी हे नाव ऐकले असेल. पण 'मुधोळ हाउंड' ह्या शिकारी कुत्र्याचे मुधोळ ते नव्हे. ते कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, घोरपड्यांच्या संस्थानातले. नावे जुळली की फाईल भलत्याच टेबलावर जाते, हे आम्हा कारकुनांना काही नवे नाही!

राजे मालोजीराव घोरपड्यांनी ह्या कुत्र्यांची जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रात त्याला कारवानी म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले.

एवढा मान मिळूनही त्याला प्रथम पाहणारा म्हणतो, "अरेरे, ह्याला कुणी खायला घालत नाही का?" माझे भांडण आहे ते ह्या 'अरेरे'शी.

जरा नीट पाहा. डोके लांब आणि निमुळते, कान गालाला चिकटून लोंबणारे, डोळे मोठे, कारण हा वासापेक्षा नजरेने शिकार हेरणारा. छाती खोल, कारण फुप्फुसांना जागा हवी. पोट आत ओढलेले, पाठ लवचिक, शेपटी लांब आणि टोकाला निमुळती होत गेलेली. भरधाव सुटला की एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. अंगावर केस आखूड. कान, पाय आणि शेपटीवर रेशमी झालर असेल तर तो पश्मी. दख्खनच्या उघड्या माळावर सशामागे धावून हे शरीर घडले आहे. त्याच्या फासळ्या उपासाच्या नाहीत, कामाच्या आहेत.

1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. पण काम गेले की रूप फक्त प्रदर्शनापुरते उरते. मग कुणी ह्याला फ्लॅटमध्ये कोंडून, चारून 'भरलेला' करतो, तर कुणी नुसते बारीक तोंड पाहून पैदास करतो. दोन्हींत कुत्रा हरवतो.

आपल्या दमट गोव्यात बर्फातला हस्की हौसेने पाळणारे आहेत. त्यांना मी एवढेच म्हणेन, देशी जात आणायची असेल तर जरूर आणा, पण आधी रोज धावायला मोकळे मैदान शोधा. ते नसेल, तर दारातला गावठी कुत्रा काय वाईट आहे?