पोटखराबा कीं परिसंस्था ?

ज्या माळास आम्हीं महसुली कारकुनांनीं जन्मभर पडीत, पोटखराबा अथवा फार तर गुरचरण म्हणून नोंदविलें, त्यासच जीवशास्त्राच्या पुस्तकांत 'गवताळ परिसंस्था' म्हणतात, हें नातवाचा धडा ऐकतांना ध्यानांत आलें. सजीव आणि त्यांच्या भोंवतालचीं माती, पाणी, हवा यांचा एकत्र संसार ती परिसंस्था. ही संज्ञा टॅन्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञानें १९३५ सालीं योजिली.

वडूजच्या आसपासचा माळच घ्यावा. कुसळी, पवन्या हीं गवतें उन्हावर अन्न तयार करितात, म्हणून तीं उत्पादक. नाकतोडा व ससा तें खातात. नाकतोड्यास चंडोल टिपतो, सशास लांडगा. मेलें तें वाळवी व बुरशी मातीस परत देतात; तीं विघटक. प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा सुमारें दहावा हिस्साच पुढें जातो, हें लिंडेमन यानें १९४२ सालीं मांडलें. दहा रुपयांच्या वसुलींतून एकच रुपया वरच्या कचेरींत पोंचावा तसें ! म्हणूनच ससे पुष्कळ व लांडगा विरळा.

'पडीत' या एका शब्दापायीं मात्र माळ नांगरला जातो, नाहीं तर झाडें लावण्यासाठीं तेथें खड्डे पाडतात. झाड चांगलें खरें, परंतु माळावरचा चंडोल गवतांतच अंडीं घालतो. सात-बारा बदलणें आपल्या हातीं नाहीं. तथापि ग्रामसभेनें ठराव करून निम्में गुरचरण आश्विनापर्यंत राखावें, बीं गळूं द्यावें, मग कापणी करावी. आणि मास्तरांनीं मुलांस त्याच सुमारास तेथें न्यावें.