छातीतली राख

दोस्तांनो, कविता पुढच्या अंकात. ही जागा यावेळी हृदयाला. प्रेमबिमाच्या नाही, रक्त ढकलणाऱ्या.

एकलहऱ्यात पन्नासेक वर्षं कोळसा जळतोय. इकडे नाशिकरोडला सरकार नोटा छापतं, तिकडे राख. वीज साऱ्या राज्याला, राख इथल्यांना.

लोक म्हणतात, धुरानं खोकला येतो, बस्स. अर्धंच खरं. अडीच मायक्रॉनचा कण म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा हिस्सा. नाकाला सापडत नाही, खोकून पडत नाही. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन सूज आणतो, त्यातला बारीकातला बारीक थेट रक्तात उतरतो. रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो, रक्त गाठ धरतं. एक दिवस गाठ अडकते आणि माणूस आडवा. जागतिक आरोग्य संघटनेचाच हिशेब: २०१९ साली बाहेरच्या हवेनं जगात ४२ लाख माणसं अकाली गेली, त्यातली ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघातानं.

मी नाशिकरोडचा, पोटासाठी गोदीत. सुट्टा माल उतरवून, ट्रकांच्या डिझेलात पाळी काढून टोळी बाहेर पडते तेव्हा थुंकी काळी असते. टोळीतला एक चाळिशीत गेला. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद’. अरे, ती बंद पडूनच सगळे मरतात की! मालकाचा माणूस म्हणाला, पीत असेल. भरपाईच्या यादीत सिलिकोसिस आहे, धुळीनं थांबलेलं हृदय नाही. बायकोच्या हातात आमची वर्गणी आली, तेवढीच.

आपल्या देशात या कणांची वर्षाची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, संघटना म्हणते ५. आपलं हृदय काय आठपट दणकट आहे? औष्णिक केंद्रांनी गंधकाचा धूर धुवावा, हा नियम डिसेंबर २०१५ चा. (हाच धूर हवेत पुन्हा बारीक कण होतो.) मुदत सरकत राहिली आणि जुलै २०२५ ला देशातल्या बहुतेक केंद्रांना सूटच मिळाली. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात नाशिक आहे, पण देशभर त्यातला मोठा पैसा रस्त्यावरच्या जाड धुळीमागे गेला. आणि रस्ता झाडतं कोण? आपल्याच आयाबाया, तोंडाला पदर लावून. पदरानं हा कण अडत नाही.

१९३० साली काळारामाचं दार बंद केलं, ते डोळ्यांना दिसत तरी होतं.

आपण मागायचं ते असं: दाखल्यावर मेलेल्याचं काम लिहा. हवा मोजायचं यंत्र राखेच्या वस्तीत लावा. झाडूवाल्यांना एन-९५ मास्क द्या. भरपाईच्या यादीत हृदय घाला. रविवारी सकाळी वस्तीत म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजतोय, यंत्र वर्गणीतून घेतलंय. वही-पेन घेऊन या, कोण कुठं किती वर्षं राबलं तेही लिहून घ्यायचंय.