अन्न दिले, पण ओळख पुसली

२३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीचे वार्ताहर मायकेल बर्क यांनी उत्तर इथिओपियातील कोरेम येथून धाडलेले दुष्काळाचे वृत्त ब्रिटनने पाहिले आणि तो देश हादरला. आयरिश गायक बॉब गेल्डॉफ यांनी मिज युर यांच्यासह एक गीत रचले. २५ नोव्हेंबरला लंडनच्या नॉटिंग हिल भागातील स्टुडिओत बोनो, स्टिंग, जॉर्ज मायकेल, फिल कॉलिन्स आदी तारे एकत्र आले. बॉय जॉर्ज तर न्यूयॉर्कहून काँकॉर्ड विमानाने येऊन पोहोचले. ‘बँड एड’ या नावाने निघालेल्या ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’ या तबकडीच्या एकट्या ब्रिटनमध्येच तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. मदतीच्या या विक्रीवरही थॅचर सरकारला कर हवा होता. गेल्डॉफ यांनी आवाज उठवल्यावर तेवढी रक्कम सरकारला दान म्हणून द्यावी लागली.

या कळकळीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. भुकेल्याच्या मुखात घास पडला, हे मोठेच काम झाले. परंतु शीर्षकातला तो प्रश्न कोणाला उद्देशून होता? आज नाताळ आहे, हे त्यांना ठाऊक तरी आहे का, असे ज्यांच्याविषयी विचारले गेले, त्यांच्या देशात अक्सुमच्या एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो चौथ्या शतकात! इंग्लंडमधील केंटचा राजा एथेलबर्ट त्या वाटेला लागला, तो त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. अखंड खडकातून कोरलेली लालिबेलाची चर्चे त्याच उत्तर इथिओपियात उभी आहेत. तेथे ‘गेना’ हा ख्रिस्तजन्माचा सण ७ जानेवारीला साजरा होतो. लंडनच्या पंचांगात तो दिवस नाही, एवढाच काय तो त्या लोकांचा अपराध.

गीतात आणखी एका गोष्टीचा पत्ता नव्हता. पाऊस रुसला हे खरेच; पण उपासमारीला गृहयुद्धाचे आणि मेंगिस्तू हैले मरियम यांच्या मार्क्सवादी लष्करी राजवटीचेही हात लागले होते. उत्तरेकडील लाखो लोकांना सक्तीने नैर्ऋत्येकडे हलवण्यात आले. त्याविरुद्ध बोलणाऱ्या ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या फ्रेंच डॉक्टरांच्या संघटनेची १९८५ मध्ये हकालपट्टी झाली. दुष्काळ हा निव्वळ आकाशाचा कोप ठरला की, राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची गरजच उरत नाही.

याहून वेगळे उदाहरण त्याआधीच घडले होते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसन यांनी मैफल घडवली, ती पंडित रविशंकर यांच्या आग्रहावरून. तिचा आरंभ सतार आणि सरोद यांनी झाला. ज्या भूमीची वेदना, तिचा स्वर आधी. १९८४ च्या त्या स्टुडिओत मात्र इथिओपियाचा एकही गायक नव्हता.

१९८९, २००४ आणि २०१४ मध्ये हेच गीत नव्या ताऱ्यांनी पुन्हा गायले. २०१४ मध्ये निमित्त इबोलाचे होते. शब्द काहीसे बदलले, तरी घानाई वंशाचे ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजी यांनी सहभाग नाकारला. आफ्रिकेचे हे केविलवाणे चित्र त्या खंडाची प्रतिष्ठा आणि प्रगती खुंटवते, असा त्यांचा आक्षेप होता. २०२४ मध्ये जुन्या आवाजांची मिसळण करून चाळिसाव्या वर्षाची आवृत्ती निघाली, तेव्हा २०१४ च्या गायकांपैकी एक असलेले एड शीरन यांनी जाहीर केले, की त्यांची अनुमती घेतलीच गेली नाही. विचारले असते तर त्यांनी नकार दिला असता.