फासे, राक्षस आणि आपलं जंगल

‘खेळून कुणाचं पोट भरलंय का?’ हे वाक्य न ऐकता आपल्यापैकी कुणी बारावी पास झालं असेल असं मला वाटत नाही. सचिनचं नाव घेतलं की ‘तो एक सचिन, तू कोण?’ हे उत्तर तयारच. ठीक आहे. मग खेळून नाही, खेळ लिहून पोट भरणाऱ्या माणसाबद्दल बोलू.

गॅरी गायगॅक्स. जन्म १९३८, शिकागो. शाळा अर्धवट सोडलेली. विमा कंपनीत नोकरी आणि फावल्या वेळात मित्रांबरोबर टेबलावर लढायांचे खेळ. १९७० साली नोकरी गेली, तर गड्यानं तळघरात बसून जोडे दुरुस्त केले, पण खेळांचे नियम लिहिणं सोडलं नाही. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. पहिली आवृत्ती १००० प्रतींची, डबे हातानं भरलेले.

हा खेळ म्हणजे लुडो नव्हे. इथं प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो : योद्धा, मांत्रिक, पुजारी. एक जण सूत्रधार. तो सांगतो, ‘समोर अंधारी गुहा आहे, काय करता?’ तुम्ही ठरवायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी सांगायचं. प्रत्येकानं एकच पात्र जगायचं ही कल्पना या खेळात आली ती डेव्ह आर्नेसनकडून. गायगॅक्सनं तिचे नियम लिहून काढले, म्हणून ती अनोळखी माणसांच्या टेबलापर्यंत पोचली. आज कॉम्प्युटर गेममध्ये आपण जे ‘लेव्हल’ आणि ‘हिट पॉइंट’ म्हणतो, ते याच खेळातून पुढे गेलेले आहेत.

मित्रांनो, हे काम लेखकाचं जितकं, तितकंच इंजिनिअरचं आहे. तीन फाशांची बेरीज १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये एक. १० येण्याची २१६ मध्ये २७. राक्षस मरायला १८ लागतील असं लिहिलं तर खेळाडू कंटाळून उठेल, १० लिहिलं तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसेल. मॅथ्सच्या पेपरात जे आपण पाठ करून टाकतो, त्यावर या माणसानं एक धंदा उभा केला.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर ही फक्त आरती होईल. मानधनावरून आर्नेसननं १९७९ मध्ये कोर्टात दावा लावला, तो १९८१ मध्ये मिटला. १९८५ मध्ये गायगॅक्सची ‘सागा ऑफ ओल्ड सिटी’ ही कादंबरी आली. नायक गॉर्ड, एक अनाथ भुरटा चोर. त्याच वर्षी इतर भागीदारांचे शेअर्स दुसऱ्या हातात गेले आणि स्वतः उभी केलेली कंपनी त्याच्या ताब्यातून सुटली. जगासाठी नियम लिहिणारा माणूस शेअर्सच्या हिशोबात हरला. तेव्हा ज्याला या वाटेनं जायचं असेल, त्यानं कल्पनेइतकंच करारपत्रही नीट वाचावं. आणि डिग्री सोडू नये, हे माझं स्पष्ट मत.

आपल्याकडे अशी माणसं नव्हती का? नारायण धारप होते. टेक्नॉलॉजीची पदवी घेतलेला माणूस आयुष्यभर भय आणि अद्भुताच्या कादंबऱ्या लिहीत राहिला. योगायोग असा की २००८ मध्ये मार्चमध्ये गायगॅक्स गेला आणि ऑगस्टमध्ये धारप. २०१८ च्या ‘तुंबाड’ सिनेमामागे त्यांच्याच कथेची प्रेरणा आहे. वाचक होता, लेखक होता. टेबलावरचा खेळ तेवढा कुणी केला नाही.

आता मुद्द्याचं. तो खेळ आपण करायचा तर ड्रॅगन आणून करायचा का? गायगॅक्सच्या खेळाचा मूळ साचा असा : गुहेत शिरा, आत राहणाऱ्यांना मारा, खजिना घेऊन बाहेर या. सोनं जितकं जास्त, तितकी बढती. अमेरिकेत ही गंमत असेल. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून वाचलं की खटकतं. आपलं जंगल रिकामं नाही, त्यात माणसं राहतात. आणि खजिना न्यायला बाहेरून येणारेही आपल्याला नवे नाहीत.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव बघा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा अधिकारही. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. आता यालाच खेळाचा नियम करा. पाच खेळाडू, एक जंगल. मोह, तेंदूपत्ता, बांबू असे हंगाम. प्रत्येकाच्या हातात एक झाकलेली गरज : कुणाकडे लग्न, कुणावर सावकाराचं कर्ज. पाचही जण ‘हो’ म्हणेपर्यंत कुऱ्हाड चालवायची नाही, आणि जास्त तोडलं तर पुढच्या वर्षी बेट विरळ. राक्षस एकही नाही, तरी घाम फुटेल! हा खेळ पुण्या-मुंबईचा पोरगा लिहू शकणार नाही असं नाही, पण आपण आधी लिहायला पाहिजे.

‘इकडे कलेवर कोण जगतं बे?’ असं म्हणणाऱ्यानं धान निघाल्यावर वडशाला जाऊन यावं. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या तिथून गावोगाव जातात, रात्रभर तिकीट लावून नाटक करतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शेतकरी तिकीट काढतो, कारण गोष्ट त्याच्या घरातली असते.

खर्च म्हणाल तर जुनी ड्रॉइंग शीट, पुठ्ठा आणि सहा फासे. नियम लिहा, दुसऱ्या विंगमधल्या पोरांना द्या आणि स्वतः तोंड बंद ठेवून बसा. जिथं ते अडतील, तिथं तुमचा नियम चुकलाय.

शिक्षकांना एकच विनंती. यंदाच्या गॅदरिंगमध्ये रांगोळी आणि फिशपाँडच्या जोडीला विद्यार्थ्यांनी बनवलेल्या खेळांना एक खोली आणि चार टेबलं द्या. फासे आम्ही आणू.