बदलाची वेळ कोणी ठरवायची?

संगणकाची कार्यप्रणाली केव्हा बदलावी, हा तंत्रज्ञांचा प्रश्न आहे आणि राजकारणाशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत पुरोगामी वर्तुळांतही दृढ आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० ची नियमित देखभाल थांबवली. नव्या प्रणालीच्या अटींत न बसणारे असंख्य धडधाकट संगणक त्या दिवसापासून टाकाऊ मानले जाऊ लागले. यंत्रांत कोणताही बिघाड झाला नव्हता. मालकाची मर्जी फिरली होती. याला राजकारण म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

मुक्तस्रोत प्रणालीचे मोल ती फुकट मिळते एवढ्यापुरते मानणे हा कोता विचार झाला. बदलाची वेळ निवडण्यास ती वापरणाऱ्याला पुष्कळ मोकळीक देते. मात्र अधिकार मिळाला की तो बजावावा लागतो, आणि नेमके तेथेच भले भले कच खातात.

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाचा विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू ही मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारली. खटल्यांच्या नोंदींची आज्ञावली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली. तिचा गाभा देशभर एक आणि भोवतालची रचना प्रत्येक उच्च न्यायालयाच्या गरजेप्रमाणे, अशी तिची शहाणी मांडणी आहे. या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या पैशात यंत्रे येतील. पण त्यांवरील प्रणाली कोणत्या दिवशी बदलायची, हा प्रश्न पैशाने सुटणारा नाही.

उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती २००८ पासून दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघते, आणि तिची मोफत देखभाल आता पाच वर्षे चालते. २०.०४ या आवृत्तीची मुदत मे २०२५ अखेर सरली, २२.०४ ची २०२७ च्या उन्हाळ्यात सरते.

नवे निघाले की त्याच दिवशी ते बसवावे, असे म्हणणारा एक पंथ आहे. त्याने मार्च २०२४ आठवावा. एक्सझेड नावाच्या लहानशा आज्ञावलीत कोणीतरी, दोनएक वर्षे विश्वास संपादन करून, चोरदरवाजा बसवला होता. संगणकात शिरताना अर्धा सेकंद अधिक का लागतो, या शंकेने अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधून काढला. हा अभियंता मायक्रोसॉफ्टच्याच नोकरीत होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. फटका बसला तो अगदी ताज्या, चाचणीच्या आवृत्त्यांना. स्थिर आवृत्त्या वापरणारे सुरक्षित राहिले. उबुंटूचे कर्तेही जुन्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरील वापरकर्त्याला नवी आवृत्ती एरवी पहिल्या दुरुस्त संचानंतरच देऊ करतात. २४.०४ च्या बाबतीत तो संच ऑगस्ट २०२४ अखेर आला, म्हणजे चार महिन्यांनी. कर्ते स्वतः थांबतात, मग इतरांनी घाई का करावी?

दुसरा पंथ अधिक घातक, कारण तो काटकसरीचा आव आणतो. ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ हे त्याचे तत्त्वज्ञान. पोलकिट या घटकात २००९ पासून दडलेला दोष जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आला. चालू आवृत्त्यांना दुरुस्ती ताबडतोब मिळाली. १६.०४ ची मोफत मुदत एप्रिल २०२१ मध्येच संपली होती. तिची दुरुस्ती वाढीव सेवेत नाव नोंदवणाऱ्यांनाच मिळाली. ही सेवा कॅनॉनिकल कंपनी देते. व्यक्तीला पाच यंत्रांपर्यंत फुकट, संस्थेला पैसे मोजून. म्हणजे आळस करणाऱ्याने परवान्याचे वाचवलेले पैसे अखेर काळ विकत घेण्यात घालवायचे! शिवाय २०.०४ वरून २४.०४ वर थेट उडी मारता येत नाही, आधी २२.०४ वर जावे लागते. दिरंगाईने काम दुप्पट होते.

तेव्हा पहिल्या दुरुस्त संचापासून जुन्या आवृत्तीच्या अखेरीपर्यंतचा अवकाश हाच निर्णयाचा काळ. त्यातील दिवस कोणी निवडायचा? रोज त्या यंत्रापुढे बसणाऱ्या लिपिकाला व लघुलेखकाला विचारूनच तो निवडला पाहिजे. मराठी टंकलेखन, छपाईयंत्र, डिजिटल स्वाक्षरी यांपैकी काय अडेल, हे त्यांना वरिष्ठांपेक्षा आधी कळते. एका मेजावर महिनाभर चाचणी घ्यावी, सर्व नोंदींची प्रत अलग काढून ठेवावी आणि मगच न्यायालयाच्या सुट्टीत बाकीची यंत्रे बदलावीत. वरून परिपत्रक आले म्हणून भर कामकाजाच्या दिवशी बदल केला आणि यंत्र अडले, तर दोष लिपिकाच्या माथी येतो आणि सुरगाण्याहून मजुरी बुडवून आलेला पक्षकार पुढची तारीख घेऊन परततो.

नाशिकला तर आणखी एक पंचांग पाहावे लागते. सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. २२.०४ वर चालणारी यंत्रे अखेरच्या दिवसापर्यंत रेंगाळली, तर हे काम सिंहस्थाच्या तयारीच्या गर्दीत येऊन पडेल. २०२६ च्या दिवाळीची सुट्टी हीच त्यासाठी रास्त वेळ.

न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बदलाचे लेखी वेळापत्रक आणि कचेरीच्या वेळेतच प्रशिक्षण या दोन मागण्या वेतनाच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडाव्यात. आणि सातपूर-अंबडच्या ज्या कामगार कचेऱ्यांत सभासदांची यादी अजून विंडोज-१० वर जपली जाते, तेथील कार्यकर्त्यांनी न्यायालयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.