पेशीचे वीजघर आधी तपासा

१९९३ मध्ये अमेरिकेच्या ‘एनआयएच’ या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हेपॅटायटिस-बीच्या १५ रुग्णांवर फायलुरिडीन या नव्या औषधाची चाचणी सुरू होती. औषध विषाणूवर चांगले काम करत होते. तेराव्या आठवड्यात एका रुग्णाच्या रक्तात अचानक लॅक्टिक आम्ल साचले आणि यकृत निकामी झाले. चाचणी थांबवली, सर्वांचे औषध बंद केले. तरीही बिघाड थांबला नाही. एकूण ७ जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली. त्यांपैकी ५ जण दगावले, २ जण यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले.

हे औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासले नव्हते का? तपासले होते. उंदीर, कुत्रे, माकडे. कोणातही असा धोका दिसला नव्हता. मग चुकले कुठे? उत्तर पेशीच्या आत दडले होते. आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण ‘तंतुकणिका’ हा शब्द वाचलेला असतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे त्याच. अन्न आणि ऑक्सिजन वापरून पेशीला ऊर्जा पुरवणारे हे वीजघर. त्याला स्वतःचा छोटासा डीएनए असतो. फायलुरिडीन हे डीएनएच्या एका घटकाची नक्कल करून विषाणूला फसवते. पण तंतुकणिकेच्या डीएनएची प्रत काढणारे विकरही त्याला फसले. वीजघर एका दिवसात बंद पडत नाही, म्हणून इजा कळायला तीन महिने लागले. आणि कळली तेव्हा उशीर झाला होता.

प्राणी का वाचले, याचे एक कारण पुढे २००६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. अशा औषधांना आत घेणारे एक वाहक प्रथिन माणसाच्या तंतुकणिकेच्या आवरणावर असते. उंदराच्या तंतुकणिकेवर ते नसते. म्हणजे उंदराच्या वीजघराचे दार या औषधाला बंद होते आणि आपले उघडे.

मग प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींवर तपासले की झाले, असे कोणी म्हणेल. तिथेही एक मेख आहे. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या पेशी बहुधा कर्करोगाच्या असतात आणि भरपूर ग्लुकोजवर वाढवलेल्या असतात. त्यांची तंतुकणिका बंद पडली तरी त्या नुसते ग्लुकोज फोडून वेळ मारून नेतात. ज्या घरात इन्व्हर्टर आहे, त्या घराला वीज गेल्याचे लवकर कळत नाही, तसेच हे. यावर उपाय साधा आहे. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज ही साखर दिली की इन्व्हर्टर बंद होतो आणि पेशीला तंतुकणिकेवरच विसंबावे लागते. आता औषध वीजघराला घातक असेल, तर पेशी मरतात. फायझरच्या संशोधकांनी २००७ मध्ये या पद्धतीने अनेक औषधांचे छुपे दोष उघडे केले. पेशी किती ऑक्सिजन वापरतात हे थेट मोजणारी यंत्रेही आता उपलब्ध आहेत.

या चाचण्यांना औषधाचा अत्यल्प नमुना पुरतो. मुख्य म्हणजे त्या सुरुवातीलाच करता येतात, जेव्हा रसायनतज्ज्ञाच्या हातात रेणू बदलण्याची मुभा असते. औषध रुग्णांपर्यंत पोहोचल्यावर दोष सापडला, तर हाती उरतो तो पश्चात्ताप. फायलुरिडीनसारख्या, डीएनएच्या घटकांची नक्कल करणाऱ्या औषधांबाबत ही दक्षता आता घेतली जाते. इतर औषधांबाबत मात्र ती बऱ्याच अंशी कंपनीच्या मर्जीवर आहे. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची मोफत औषधे देणे सुरू केले, तेव्हा त्यात स्टॅव्ह्युडीन हे प्रमुख औषध होते. त्याने असंख्य जीव वाचवले. पण त्याने तंतुकणिकेचे तेच विकर अडवले. रुग्णांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, गाल खोल गेले. ज्या आजाराची ओळख लपवण्यासाठी माणसे धडपडत होती, तो आजार त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला.

आज तीच कथा औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाबाबत आहे. लिनेझोलिड हे प्रतिजैविक जीवाणूंचे प्रथिन बनवण्याचे यंत्र बंद पाडते. तंतुकणिकांचे पूर्वज जीवाणूच असल्याने आपल्या वीजघरातले यंत्रही त्याच घडणीचे आहे. तेही काही प्रमाणात बंद पडते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०९ रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के बरे झाले, पण ८१ टक्क्यांना मज्जातंतूंचा त्रास झाला. पुढच्या चाचणीत रोजचा डोस १२०० ऐवजी ६०० मिलिग्रॅम केला. बरे होण्याचे प्रमाण तसेच राहिले आणि मज्जातंतूंचा त्रास २४ टक्क्यांवर आला. लिनेझोलिडचा समावेश असलेली सहा महिन्यांची उपचारपद्धती भारतानेही २०२४ मध्ये स्वीकारली आहे.

या उदाहरणातच टीकाकारांना उत्तर आहे. ‘अशा चाळण्या लावल्या तर चांगली औषधेही गळतील,’ असे ते म्हणतात. भीती खोटी नाही. पण ही चाचणी दार बंद करण्यासाठी नसून धोक्याचा दिवा लावण्यासाठी असावी. दिवा लागला म्हणून औषध फेकायचे नसते. डोस किती, किती दिवस आणि कशावर लक्ष ठेवायचे हे आधी ठरवायचे असते. दुसरी मर्यादाही मान्य केली पाहिजे. एक-दोन दिवसांची चाचणी फायलुरिडीनसारखा संथ मारेकरी पकडू शकत नाही. त्यासाठी पेशी कित्येक दिवस औषधात ठेवाव्या लागतात.

भारताने मार्च २०२३ मध्ये नियम बदलून, औषध तपासणीत प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारित पद्धतींना वाट करून दिली आहे. वाट झाली, आता त्या वाटेवर काय तपासायचे हे ठरवायला हवे. माणसांवरील पहिल्या चाचणीची परवानगी मागताना तंतुकणिकांवरील अल्प व दीर्घ मुदतीच्या चाचण्यांचे निष्कर्ष, ते कंपनीला सोयीचे असोत वा नसोत, नियामकापुढे ठेवणे बंधनकारक करावे. आणि बाजारात आलेल्या औषधांबाबत दवाखान्यात दोन प्रश्न न विसरता विचारले जावेत: पायांना मुंग्या येतात का? नजर अंधुक झाली का?

१९९३ मध्ये त्या १५ जणांना कोणी फसवले नव्हते. डॉक्टर कुशल होते, प्राण्यांचे अहवाल स्वच्छ होते. योग्य प्रश्न तेवढा विचारला गेला नव्हता. आज तो विचारायचे साधन आपल्या हाती आहे. न विचारण्याला आता सबब उरलेली नाही.